पदराच्या टोकातला शब्द

“हात मागे!”

मुख्याध्यापिका शेटे बाईंनी हुकूम सोडला आणि वर्गातल्या सगळ्या मुलांचे हात झटक्यात पाठीमागे गेले. आता ही सगळी मुलं कर्णबधिर. बाईंचा तो खणखणीत आवाज एकालाही ऐकू आला नव्हता. पण बाईंची डावी भुवई वर चढली की त्याचा अर्थ काय, हे बार्शीतल्या आमच्या त्या शाळेत नवं पोरगंसुद्धा दोन दिवसांत शिकायचं. मी तर चांगली ऐकू येणारी. माझेही हात मागे गेले.

“तुम्ही नाही हो, ठोंबरे बाई,” शेटे बाई म्हणाल्या. “तुम्ही शिकवा.”

फळ्यावर त्यांनीच वळणदार अक्षरात शब्द लिहून ठेवला होता. अभ्यासक्रम. जी मुलं ‘पाणी’ म्हणायला महिना घेतात, त्यांच्या तोंडी हे जोडाक्षरांचं गाठोडं कोण आणि कसं घालणार?

“पुढच्या महिन्यात तपासणी आहे,” बाई म्हणाल्या. “लाटकर साहेबांचा प्रश्न ठरलेला असतो. वर्गातलं लहानात लहान मूल उभं करतात आणि विचारतात, बाळ, यंदाचा अभ्यासक्रम काय? मुलाने ओठ वाचायचे आणि तोंडाने उत्तर द्यायचं. हाताची खूण झाली, की शेरा बिघडला. आणि शेरा बिघडला की तुमची...”

“नेमणूक गेली,” मी म्हणाले.

“मी तसं म्हटलं नाही.” पण त्यांना तसंच म्हणायचं होतं. “अर्थ नीट ध्यानात घ्या, म्हणजे शिकवता येईल. अभ्यास म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा करणं. क्रम म्हणजे पाऊल, एकामागून एक टाकलेलं. किती सुंदर शब्द आहे बघा.”

“सुंदर आहे, बाई. तोंडात मावत नाही एवढंच.”

भुवई चढली. मी खडू उचलला.

ही गोष्ट पस्तीस-एक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा बावीसची होते आणि आईच्या जागेवर नोकरीला लागले होते. अनुकंपा तत्त्वावर, असं त्या कागदावर लिहिलेलं. माझी आई, इंदुमती ठोंबरे, याच शाळेत शिकवायची. आदल्या मार्गशीर्षात शाळेतून आली, डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही. माझं विशेष प्रशिक्षण व्हायचं होतं, तोवर तात्पुरती सहायक शिक्षिका. पुढचं सगळं त्या शेऱ्यावर.

पण खरं सांगू? नोकरीची धास्ती होती, ती वरवरची होती. आतली धास्ती निराळीच होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. मी आईला विसरायला लागले होते.

आठवीपासून मी पुण्याला मावशीकडे शिकायला. आई भेटायची ती दिवाळीत आणि मे महिन्यात. ती गेल्यावर तिला आठवायला बसले, की डोळ्यांपुढे यायचा तो फोटो. भिंतीवरचा, हार घातलेला. ताठ मान, मिटलेले ओठ, स्टुडिओतला पडदा. माझी आई काही अशी नव्हती! ती हलायची, लगबगायची, बोलताना सगळं अंग बोलायचं तिचं. पण ती हलायची कशी, ते काही केल्या येईना. फोटोत तर तिचे हातही नाहीत. लग्नाआधी सायकल शिकताना चेनमध्ये सापडून तिच्या उजव्या हाताची करंगळी कायमची ताठ झालेली. तिला त्याची भारी लाज. फोटोवाला दिसला की हात पदराखाली.

आणि मनात एक राग होता, तोही सांगूनच टाकते. मला मावशीच्या दारी ठेवून तिने आपले सगळे दिवस या परक्या पोरांना दिले, असं वाटायचं मला. माझ्या वाटणीची आई यांनी खाल्ली.

शाळेत मी तिच्याच साड्या नेसून जायची. नव्या घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्या साड्यांच्या पदराचं टोक पाहावं, तर पार चुरगळलेलं. सगळ्या साड्यांचं तेच! इस्त्री करून करून हात दुखले, पण त्या चुण्या काही जाईनात. घरी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं, तर म्हणाले, “गाठी मारायची तिला सवय होती. विसरभोळी होती ना.” संपलं बोलणं. आई गेल्यापासून आप्पांचं बोलणं एवढंच असायचं.

शाळेच्या पहिल्याच दिवशी गंमत झाली होती. मोठ्या वर्गातली चार-सहा मुलं मधल्या सुट्टीत माझ्याभोवती जमली, आणि एकेकाने माझ्या पदराचं टोक हातात घेऊन चाचपून पाहिलं. मी पदर ओढून घेतला. म्हटलं, काय ही पोरं! वळण म्हणून काही आहे की नाही?

तर आता अभ्यासक्रम.

माझ्या वर्गातली सगळ्यात लहान होती तबस्सुम. परांड्याहून जूनमध्ये आलेली, सहा वर्षांची, शाळेच्याच वसतिगृहात राहायची. छातीवर पट्ट्याने बांधलेलं श्रवणयंत्राचं डबडं तिच्या अंगापेक्षा मोठं दिसायचं. लाटकर साहेब हिलाच उभी करणार, हे उघड होतं. मी तिला आरशापुढे घेऊन बसले. तोंडापुढे कागदाची पट्टी धरली, ‘भ्या’ म्हटलं की ती हलली पाहिजे. तिचा हात माझ्या गळ्याला लावला, मग तिच्याच गळ्याला.

“अ-भ्या-स-क्र-म.”

“अ... प्या... अम.”

“भ्या. बघ, कागद कसा उडतो. भ्या!”

“प्या!” कागद उडाला. तबस्सुम खूश. मी कपाळाला हात लावला.

मुख्य पंचाईत अशी, की हा शब्द ओठांवर दिसतच नाही. ‘भ्या’ला ओठ मिटतात, शेवटच्या ‘म’ला मिटतात. बाकीचा कारभार सगळा तोंडाच्या आत. तुम्हीच आरशासमोर म्हणून बघा.

चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मी फळ्यावरच्या शब्दावर बोट ठेवलं आणि भुवया उडवून विचारलं, अगं, अर्थ तरी कळला का? तबस्सुमने मान डोलावली, जोरजोरात. तिचे हात पाठीमागून पुढे आले, डाव्या खांद्यावरून तिने न दिसणारं काहीतरी ओढलं, दाताखाली धरल्यासारखं केलं...

“हात!” व्हरांड्यातून शेटे बाई. हात मागे.

मला वाटलं, ही माझी नक्कल करतेय. साडीची सवय नसल्यामुळे मी दिवसभर पदराशी झटत असायची. पण मग लक्ष ठेवलं, तर काय! वर्गातली इतर मुलंही फळ्याकडे बघून एकमेकांना तीच खूण करत होती. खाकी चड्डीतली पोरंसुद्धा खांद्यावरून काहीतरी ओढायची. पण खूण पुरी व्हायच्या आत बाईंची सावली दारात पडायची आणि हात गुडूप.

मी वसतिगृहातल्या संगीताला गाठलं. चौदा वर्षांची, बऱ्यापैकी बोलायची, लिहायचीही. तिला फळ्यावरचा शब्द दाखवला आणि खांद्यावरून ओढल्याचं अर्धं-मुर्धं करून दाखवलं.

संगीताने आधी दाराकडे पाहिलं. मग फळ्यावरच्या ‘अभ्यासक्रम’वर बोट ठेवलं, आणि माझ्या खांद्यावर. हे म्हणजे हेच.

“कुणी शिकवलं?” मी ओठ मोठे करून विचारलं.

“आय-दास,” ती म्हणाली.

हरिदास. शाळेतून बाहेर पडून तीन वर्षं झालेला मुलगा, दाल मिलमध्ये पोती शिवायच्या कामाला होता. दर रविवारी वसतिगृहात पोरांना भेटायला यायचा. त्या रविवारी मी मुद्दाम गेले. अंगणातल्या लिंबाखाली पोरांचा घोळका होता आणि सगळ्यांचे हात नुसते उडत होते. शेटे बाई रविवारी येत नसत. इतकं बोलणारी मुलं मी आयुष्यात पाहिली नव्हती. आणि मला वाटत होतं, ही मुलं गप्प असतात!

मी दिसल्याबरोबर हात खाली. हरिदास उभा राहिला, चांगला ताडमाड. मी पाटीवर शब्द लिहिला आणि त्याच्यापुढे धरला.

त्याने शब्द वाचला. मग माझ्या साडीकडे पाहिलं. हिरवी, नारायणपेठी. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने हात जोडले, हात लावू का म्हणून, आणि माझ्या पदराचं टोक दोन बोटांत धरलं.

त्या टोकाला त्याने एक गाठ मारली, आणि पाटीवर लिहिलं, ‘घर’. दुसरी गाठ मारली. ‘प्राणी’. तिसरी. ‘ऋतू’. चौथी. ‘बाजार’. पोती शिवणाऱ्या हाताच्या घट्ट, सफाईदार गाठी. मग त्याने समोरच्या एका पोराला ओढून पुढे घेतलं, एक गाठ त्याला सोडायला लावली आणि त्याची पाठ थोपटली. झाला धडा. अशा सगळ्या गाठी सुटल्या की झालं वर्ष. मग त्याने शाळेच्या कचेरीकडे बोट केलं. तिथे भिंतीवर माझ्या आईचा फोटो होता.

मी तिथेच लिंबाच्या पारावर बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. विसरभोळी! अहो आप्पा, कसली विसरभोळी? ऐकू न येणाऱ्या मुलांना वर्षभराचा अभ्यास म्हणजे काय, हे डोळ्यांना दिसावं म्हणून ती रोज पदराला उरलेले धडे बांधायची आणि मुलांकडून एकेक सोडवून घ्यायची. तो चुरगळलेला पदर इस्त्रीने जायचा नव्हता. मी रडत असताना हरिदास पोरांना हातांनी काहीतरी सांगत होता, पण माझं काही तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. एकट्या असल्या की शेटे बाई मला अगं-तुगं करायच्या, मी आईची मुलगी म्हणून, आणि मीही त्यांना मावशी म्हणायची.

“मावशी, ती खूण आईची आहे. तुम्हाला माहीत होतं?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माहीत होतं. आम्ही दोघी त्यावरून भांडायचो. अबोला धरायचो. मग डबा खायला एकत्र बसायचो.”

“मग पोरांना का अडवता?”

“सुनेत्रा, तुझ्या आईचं सगळं गोड होतं ग, पण या पोरांना उद्या बाहेर जायचंय. एसटीच्या खिडकीवर, दवाखान्यात, बाजारात. तिथे गाठी सोडून दाखवणारं कोण आहे त्यांना? बाहेर सगळे तोंडानेच बोलतात. मी दुष्ट नाही.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “आणि ती खूण म्हणशील तर मी कधी पुरी बघितलेलीच नाही. मी येते तोवर अर्धी असते. हात मागे. इंदू होती तेव्हाही तेच, आताही तेच.”

मला त्यांचा राग येईना. निघताना त्या म्हणाल्या, “तपासणीत मात्र सांभाळ. तुझी नोकरी टिकवायची म्हणून मी किती खेटे घातलेत, ते मला ठाऊक.”

मी मान डोलावली. सांभाळायचंच ठरवलं होतं.

लाटकर साहेब आले ते सकाळी अकरा वाजता. सफारी, हातात फाइल, कपाळावर घाम. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. मुलं ओळीने उभी, हात मागे. शेटे बाई दाराशी. मी आईची तीच हिरवी साडी नेसले होते.

साहेबांनी ओळ न्याहाळली आणि अपेक्षेप्रमाणे तबस्सुमला पुढे बोलावलं. खाली वाकले. मिशा चांगल्या झुपकेदार होत्या त्यांच्या. वरचा ओठ तर मिशीआड गेलेला!

“बाळ, यंदाचा अभ्यासक्रम काय?”

तबस्सुम त्यांच्या मिशीकडे बघत राहिली.

“अभ्यासक्रम,” साहेब पुन्हा म्हणाले. मिशी हलली.

तबस्सुमने माझ्याकडे पाहिलं. बाई, हे काय म्हणताहेत? डोळे भरायला लागले तिचे. तिला काय हो, सगळं येत होतं! घर, प्राणी, ऋतू, बाजार, सगळं त्या एवढ्याशा पोटात भरून ती तयार उभी होती, आणि तिच्यात आणि त्या प्रश्नात एक मिशी आडवी आली होती. तिचे हात पाठीमागे एकमेकांना पिळत होते. मला मागून ते दिसत होते.

“उत्तर येत नाही का हिला?” साहेबांनी फाइल उघडली.

तेवढ्यात मी पुढे झाले. काय शिरलं अंगात, देव जाणे. शेटे बाईंची भुवई मला दिसली, नोकरी दिसली, आप्पा दिसले. आणि तरी मी डाव्या खांद्यावरून पदर पुढे ओढला, टोक दातात धरलं आणि सगळ्या वर्गासमोर, साहेबांसमोर हवेत गाठ मारल्याची खूण केली. अभ्यासक्रम. तुला अभ्यासक्रम विचारताहेत, बाळा.

तबस्सुमचा चेहरा उजळला. कळलं तिला! पण लगेच तिच्या कपाळावर आठी पडली. तिने मान हलवली. चूक. आणि ओळीतली बाकीची मुलंही फिदीफिदी हसायला लागली. बाईंना शब्द येत नाही!

ती तरातरा चालत माझ्याकडे आली. माझा उजवा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला. आणि माझी मिटलेली करंगळी बोटांनी उकलून सरळ केली. ताठ. एकदम ताठ. ती पुन्हा वाकू नये म्हणून दोनदा दाबून बसवली. मग स्वतः करून दाखवलं, खांद्यावरून ओढलं, दातात धरलं, अंगठा आणि दोन बोटांनी गाठ फिरवली, आणि तिची चिमुकली करंगळी त्या सगळ्यापासून बाजूला, वर, ताठ उभी होती. अशी. हा शब्द असा असतो.

मी वर्गाकडे पाहिलं. सगळ्यांचे हात पुढे आले होते. सगळे मला शिकवत होते. खाकी चड्डीतली पोरं, वेण्यांच्या मुली. प्रत्येक हाताची करंगळी ताठ.

तबस्सुम जूनमध्ये आली होती. माझी आई मार्गशीर्षात गेली होती. तिने माझ्या आईला कधी पाहिलेलंही नव्हतं.

दाराशी शेटे बाईंनी चौकट धरली होती. पहिल्यांदाच त्यांनी ती खूण पुरी पाहिली होती.

“काय चाललंय हे, बाई?” लाटकर साहेब त्यांना म्हणाले. “हात?”

शेटे बाईंनी पदराने डोळे टिपले आणि अगदी मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, “काही नाही, साहेब. नव्या बाईंचा शब्द चुकला होता. मुलीने दुरुस्त केला. तुम्ही विचारा पुढचं.” आणि मुलांकडे वळून, भुवई जराही न चढवता, त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरून दाखवले. राहू द्या.

तबस्सुमने मग साहेबांना सगळा अभ्यासक्रम सांगितला. हवेतली एकेक गाठ सोडत, आणि सोडताना तोंडानेही म्हणत. “अअ. प्राई. उतू.” साहेब काही न लिहिता बघत उभे राहिले.

शेरा काय पडला म्हणाल, तर ‘वर्गात हातांचा वापर आढळला.’ नियमाचा माणूस. माझी नेमणूक पक्की व्हायला अजून वर्ष लागलं आणि शेटे बाईंना अजून खेटे घालावे लागले. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाहीत. मी त्या शाळेत तीस वर्षं शिकवलं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी धावतच घरी गेले. आप्पा ओट्यावर चहाचा कप घेऊन बसले होते. माझं तोंड रडून सुजलेलं पाहून ते घाबरले.

“काय झालं ग? काही बोलले का साहेब?”

मी नुसती मान हलवली. मग मी त्यांच्यासमोर उभी राहिले, डाव्या खांद्यावरून पदर ओढला, टोक दातात धरलं, आणि शिकवल्यासारखी गाठ मारली. करंगळी ताठ.

आप्पांना खुणांतलं ओ की ठो कळत नव्हतं. शाळेत ते कधी फिरकलेसुद्धा नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला. बघत राहिले.

“परत कर,” ते म्हणाले.

मी परत केली.

“परत.”